लेडीजातनं गेली

१

घंटा गेली. हसू नका, खरी घंटा. पितळेची, चांगली कलिंगडाएवढी. रोह्याला महिपतीशेठचा सुपर बाजार आहे ना, तिथे काउंटरशेजारी खुंटीला असायची ती. दुपारी दुकान बंद झालं तेव्हा होती, आणि चारला शटर वर केलं तर नुसती खुंटी. शटरचं कुलूप जसंच्या तसं, किल्ली शेठच्या कमरेला.

आता तुम्ही म्हणाल, घंटाच ती, दुसरी आणा. पण ती कुठली घंटा ते ऐका. ती इमारत आधी भाताची गिरण होती, देश स्वतंत्र झाल्यावर थोड्याच वर्षांत बांधलेली. मग गिरण बसली आणि तिथे टॉकीज आलं. टॉकीज बंद पडलं, मग सिमेंटचं गोडाऊन, आणि आता बाजार. एवढं सगळं बदललं, घंटा तेवढी तीच. गिरणीत ती पाळी बदलताना वाजायची, टॉकीजला खेळ सुरू होताना, आणि बाजारात रात्री बंद करायच्या आधी हौसा तिची दोरी ओढायची. घंटा वाजली की अख्ख्या आळीला कळायचं, आता दूध घ्यायचं राहिलं तर राहिलं.

हे सगळं मुनीराला तोंडपाठ होतं, कारण तिने त्यावर महिनाभर घालवला होता. मुनीरा म्हणजे आमनादादीची नात, कॉलेजात शेवटच्या वर्षाला. तिची आयडिया अशी, की रविवारी लोकांना बाजारात फिरवायचं आणि दाखवायचं: बघा, हे थंड पेयांचे फ्रीज आहेत ना, इथे पडदा होता. वर जिथे पोत्यांची थप्पी आहे ती बाल्कनी. आणि तुमची ट्रॉली आपली आपण फ्रीजकडे का पळते? कारण टॉकीजच्या जमिनीला ढाळ असतो, मागच्याला पडदा दिसावा म्हणून. शेठने तो ढाळ कधी काढलाच नाही. शेठला ही कल्पना एवढी आवडली, की त्याने पुठ्ठ्याच्या पाट्यासुद्धा करून दिल्या.

तर मुनीरा पाट्या चिकटवायला चारला पोचली, आणि बघते तर शेठ घामाघूम.

"केरूतात्यानं बघितलं," शेठ सांगत होता. केरूतात्या म्हणजे बाजाराच्या बाजूच्या बोळाच्या तोंडाशी बसून छत्र्या दुरुस्त करणारा म्हातारा, दुपारचाही तिथून हलत नाही. "मी विचारलं, तात्या, कोण आलं गेलं? तर म्हणाला, घंटा ना, लेडीजातनं गेली. आता बोल. आपल्याकडं लेडीज किती? एकच."

त्या एका लेडीजचं नाव हौसा. आणि ती समोरच उभी होती, चेहरा पांढराफटक.

२

हौसाचं काय पणाला लागलं होतं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

हौसा निडीची. आधी दुकानात लादी पुसायला लागली, मग वजनकाट्यावर, मग काउंटरला. आता शेठचं दुसरं दुकान पेणला रामवाडीत उघडत होतं आणि तिथली इनचार्ज हौसा होणार होती. सामानाचा टेंपो त्याच संध्याकाळी निघायचा होता. त्यात घंटाही जाणार, पेणच्या दुकानाला शुभ म्हणून, आणि पुढच्या सीटवर हौसा बसणार. निडीत घरोघरी सांगून झालेलं. पेणला आत्येबहिणीकडे खोली बघून झालेली.

"टेंपो निघंपर्यंत घंटा परत आली तर ठीक," शेठ म्हणाला. "नाहीतर पेणला कान्हू जाईल. मी पोलिसांत नाही जात, माझ्याकडनं एवढंच."

कान्हू म्हणजे दुकानातला दुसरा माणूस, गोडाऊन सांभाळणारा. तो हसू लपवायला बिस्किटांच्या रॅककडे वळला.

हौसाची मोठी कापडी पिशवी काउंटरवर पालथी केलेली होती. आत काय, तर डबा आणि नव्या चपला.

"दुपारी कुठे होतीस?" मुनीराने तिला बाजूला घेऊन विचारलं.

"चपला घ्यायला गेलेली. जुन्या घालून इनचार्ज होऊ काय?"

"मग तसं सांग ना शेठला."

"सांगितलं. तर म्हणतात, चपला घ्यायला एवढा वेळ लागतो काय. आता यांना काय सांगायचं, मी सगळ्या घालून बघितल्या." हौसाचा आवाज फुटला. "मुनीरा, मला चोर म्हणून निडीच्या स्टेशनावर नाय गो उतरायचं."

मुनीराला एवढं बस होतं. तिने शेठला सांगितलं, टेंपो निघेपर्यंत मला बघू दे. शेठ म्हणाला, बघ बाई, तुझ्या पाट्यांसाठी तरी बघ.

मग तिने बाजार पालथा घातला. खुंटीखाली जमिनीवर तांदळाचे चार-सहा दाणे पडलेले होते, लालसर.

"राता तांदूळ असंल," शेठ म्हणाला. "गडबवरनं आलंय पोतं, फाटकं होतं."

मुनीराने एक दाणा चिमटीत धरला. ठेवताना बघते, तर बोटाला लाली लागलेली. तिने ते मनातच ठेवलं. रुमालात दाणे बांधले फक्त.

दुसरं, एक ट्रॉली. रोज दुपारी सगळ्या ट्रॉल्या दाराशी साखळीला लावतात. ही एकटीच पार ढाळाच्या मध्यावर, भिंतीलगतच्या वेफर्सच्या स्टँडपाशी उभी होती. आणि पळाली कशी नाही? तर पुढच्या चाकाखाली मिठाची पुडी दाबून ठेवलेली.

"पोरांचे चाळे," शेठ म्हणाला.

पण दुकान बंद असताना पोरं कुठून येणार?

३

मुनीरा वर बाल्कनीत गेली. पोत्यांच्या थप्पीआड कान्हू काहीतरी मोजल्यासारखं करत होता.

"कान्हू, दुपारी कुठं होतास?"

"घरी. जेवलो, झोपलो, आलो."

"कशावर झोपलास?"

"कशावर म्हणजे? गादीवर."

मुनीराने मोबाईलचा कॅमेरा उलटा करून त्याच्यासमोर धरला. "मग तुझ्या गादीला गोणपाटाचं कव्हर आहे काय?"

कान्हूच्या डाव्या गालावर पोत्याची वीण उठलेली होती, जाळीच्या जाळी, आणि कानाजवळ शिवणीचा दोरासुद्धा. त्याने गाल चोळला. चोळून वीण जाते थोडीच.

"म्हणजे तू दुपारभर आतच होतास," मुनीरा म्हणाली. "शेठ शटर लावून गेला आणि तू इथे वर."

कान्हू मटकन पोत्यावर बसला. "शेठला सांगू नको. पंखा हाय इथं, घरी नाय. रोज झोपतो. चारला शटर उघडलं की मागनं येतो, जसा काय आत्ताच आलो."

आता सांगा, सगळ्यात आधी संशय कुणावर जाईल? कान्हूवरच. मुनीराचाही गेला. पेणची जागा त्याला हवी, आणि दुपारभर तो एकटा आत. पण ती तिथल्या तिथे थांबली, कारण एक गोष्ट जमत नव्हती. शटरला बाहेरून कुलूप. कान्हूने घंटा काढली असती तरी ती आतच राहिली असती, आणि शेठने तर फ्रीजसुद्धा उघडून बघितले होते. आत अडकलेला माणूस बाहेर काही नेऊ शकत नाही.

"मग तू काहीतरी ऐकलं असशील," ती म्हणाली.

कान्हूने मान खाली घातली. "हसशील."

"नाही हसत."

"बायका," तो हळूच म्हणाला. "खाली बायका बोलत होत्या. दोघी-तिघी असतील. एक म्हणाली, हळू गो, ढाळ हाय, पाय सरकंल. मग एकीनं काय तरी गायलं, लग्नात म्हणतात तसलं. मी डोळं घट्ट मिटलं. म्हटलं, टॉकीजातल्या जुन्या बायका आल्या असतील."

"जुन्या म्हणजे?"

"म्हणजे मेलेल्या," कान्हू म्हणाला. "दुसऱ्या कशा येतील बंद दुकानात?"

४

मुनीराचं डोकं भणभणलं. भुतं घंटा नेत नाहीत, आणि ट्रॉलीच्या चाकाखाली मिठाची पुडी तर मुळीच ठेवत नाहीत.

राहिला नझीर. नझीरचाचा कुवेतवरून कायमचा परत आलेला, नवा बंगला बांधत होता, आणि गेल्याच आठवड्यात सगळ्यांसमोर म्हणाला होता, महिपती, घंटा देत नसशील तर उचलून नेईन हां. त्याचा बाप हसन म्हणजे टॉकीजचा ऑपरेटर. मुनीराने टॉकीजची निम्मी माहिती नझीरचाचाकडूनच घेतलेली होती, बाकीची केरूतात्याकडून आणि शेठच्या म्हाताऱ्या बापाकडून.

नझीरचाचा समोरच्या हॉटेलात चहा पीत होता.

"मी नेली म्हणतेस?" तो हसला. "अगं, माझी कंबर बघ. उठताना दोघं लागतात. आणि नेली असती तर दारावर लावली नसती काय? घंटा काय कपाटात ठेवायला असते?"

"मग तुम्हाला हवी कशाला होती?"

आता चाचाने कप खाली ठेवला. "अब्बांसाठी. अब्बा वर मशीनला हात लावून बसायचे. खाली घंटा झाली की रीळ सोडायचे. लोकं शिट्ट्या मारून मारून थकायची, पण घंटा नाय तर खेळ नाय. आणि घंटा गिरजाबाईच्या हातात. ती काय लवकर देते?"

"गिरजाबाई?" मुनीराने विचारलं. "बोळाच्या मागे राहतात त्या? त्यांचा काय संबंध?"

"तिचाच तर संबंध. लेडीजात होती ना ती."

मुनीराने त्याला थांबवलं. "चाचा, परत बोला. कुठे होती?"

"लेडीजात गं. बायकांचा भाग वेगळा, मध्ये फळ्यांची आडभिंत. सगळे त्याला लेडीजच म्हणायचे. लेडीज फुल्ल झालं, लेडीजात पंखा नाय. दार पण वेगळं, बोळात उघडणारं. त्या दारावर गिरजाबाई. लांबलांबनं बायका कामं उरकून पोरं काखोटीला मारून यायच्या, उशीर व्हायचाच. शेवटची बाई बसल्याशिवाय गिरजाबाई घंटा वाजवत नसे. तुला सांगितलं नाय मी?"

नव्हतं सांगितलं. कुणीच नव्हतं सांगितलं. मुनीराने पिशवीतून आपला नकाशा काढला. पडदा होता, बाल्कनी होती, स्टॉल, तिकीटखिडकी, ऑपरेटरची खोली, सगळं होतं. लेडीज नव्हतं. अख्खा महिना तिने विचारलं कुणाला, तर तीन पुरुषांना. आणि ते तिघं जन्मात लेडीजात गेलेले नव्हते.

ती पळत केरूतात्याकडे गेली. तात्या छत्रीची काडी वाकवत होता.

"तात्या, तुम्ही शेठला नक्की काय सांगितलं?"

"घंटा लेडीजातनं गेली."

"म्हणजे लेडीजच्या दारातनं?"

"मग काय लेडीजच्या खिडकीतनं? तो अर्धं ऐकून पळाला. हल्ली कुणाला दम हाय?"

"पण नेली कुणी? तुम्ही बघितलं असेल ना."

तात्याने काडी खाली ठेवली, आणि एकदम ताठ बसून म्हणाला, "नाय. ते दार उघडलं की पुरुषानं मान फिरवायची. तेव्हाचा नियम हाय. दाराचा आवाज ओळखला, घंटा एकदा कुठंतरी आपटली ती ऐकली, आणि मान फिरवली."

"तात्या, टॉकीज बंद होऊन किती वर्षं झाली."

"दार तेच हाय ना?" तात्या म्हणाला.

५

आता दार कुठे आहे ते मुनीराला माहीत होतं. वेफर्सच्या स्टँडमागे भिंतीत एक रंगवलेला फळीसारखा भाग होता, तिने नकाशात 'बुजवलेली खिडकी' म्हणून लिहिलेला. पण बोळात जाऊन ते बाहेरून बघावं म्हटलं, तर बोळात पेणचा टेंपो. भिंतीला एवढा चिकटवून लावलेला, की मधून मांजरही गेली नसती. ड्रायव्हर सखाराम आत पाय पसरून बसलेला.

"कधी लावलास?"

"तीनच्या सुमाराला. माल भरायचाय ना."

म्हणजे नेताना बोळ मोकळा होता. मुनीरा क्षणभर त्या टेंपोकडे बघत राहिली, आणि मग तशीच घरी धावली. का? तर तिला सकाळची एक गोष्ट आठवली होती.

सकाळी आमनादादी बाजारातून आली होती, पिशवीत चिंच घेऊन, अर्धा किलो. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे चिंच कोण आणतं? आमटीला आमसूल, कालवणाला आमसूल. मुनीराने तेव्हा विचारलंही होतं, दादी म्हणाली, लागते कधीतरी.

दादी ओट्यापाशी उभी होती. सांदणांचा, म्हणजे गोड इडल्यांचा, डबा पार तळाला गेला होता. पाहुणा तर घरी कुणी आलेला नव्हता.

"दादी, हात दाखव."

"कशाला?"

"दाखव तर."

दादीने हात पदराआड नेले, पण मुनीराने धरलेच. नखं काळी, बोटांच्या कडा काळ्या, आणि वास चिंचेचा. पितळ घासलेल्या हातांचा असतो तसा.

"दादी, घंटा कुठे आहे?"

आमनादादी खाली बसली. "गिरजाच्या घरी," ती म्हणाली. "आम्ही परत ठेवणारच होतो गो. चारच्या आत. तर त्या मेल्याने दारावर गाडी लावली."

"आणि दुकानात काय चाललंय माहीत आहे तुम्हाला? हौसाला चोर ठरवलंय."

दादीचा चेहराच उतरला. "हौसाला? आम्हाला वाटलं, घंटा हरवली म्हणून शेठ ओरडतोय. थोडा ओरडंल, मग ठेवू." ती उठली, आणि दाराशी चपला शोधायला लागली. "चल, गिरजाकडे चल आधी."

मुनीराने तिला थांबवलं. "तू जा. पण पुढच्या दाराने दुकानात येऊ नका."

६

संध्याकाळ झाली होती. बाजारात सगळे जमले होते. शेठ, हौसा, कान्हू, चहा संपवून आलेला नझीरचाचा, आणि छत्री हातात घेऊन केरूतात्या. हौसा नव्या चपला पिशवीत परत भरत होती, घालायच्या नाहीत असं ठरवल्यासारखी.

"मुनीरा, टेंपो निघायचाय," शेठ म्हणाला. "सापडलं काय?"

"आधी टेंपो चार हात पुढे घ्यायला सांगा."

सखारामने टेंपो पुढे घेतला. मुनीराने वेफर्सचा स्टँड सरकवला, तो ढाळाने निघाला तसा कान्हूने पाय लावून अडवला. मागची फळी उघडी पडली. कडेने रंग तडकलेला होता, ताजा.

"शेठ, ही खिडकी नाही, हे लेडीजचं दार आहे. केरूतात्या म्हणाले, घंटा लेडीजातनं गेली. म्हणजे लेडीजने नेली असं नव्हे, लेडीजच्या दारातनं गेली."

शेठने तात्याकडे बघितलं. तात्या म्हणाला, "मी तेच म्हटलं."

"आता हे," मुनीराने रुमाल सोडला. "हा राता तांदूळ नाही. साधा तांदूळ आहे, कुंकू लावलेला. अक्षता. ज्याला चोरायचंय तो आधी अक्षता टाकतो काय? म्हणजे घंटा चोरली नाही, नेली. आमंत्रण देऊन नेली. जड होती म्हणून ट्रॉलीत घातली, ढाळाने ती आपली आली, आणि पळू नये म्हणून मिठाची पुडी लावली. हे कुणाला सुचेल? ज्यांनी या ढाळावरून अंधारात पोरं सांभाळत चालायची सवय केली, त्यांना. शेवटचं म्हणजे किल्ली. टॉकीज बंद झालं तेव्हा लेडीजच्या दाराची किल्ली परत कुणी मागितली?"

नझीरचाचा पुटपुटला, "कुणीच नाय मागितली."

तेवढ्यात दारात किल्ली फिरली.

दार कुरकुरलं, आणि केरूतात्याने मान फिरवली. खरंच फिरवली, आपोआप. दारात गिरजाबाई, हातात वेताची पाटी, आणि पाटीत घंटा. पण काय घंटा. सोन्यासारखी घासलेली, हळदकुंकू लावलेली, कमरेला हिरवा खण गुंडाळलेला, सोबत ओटीचा नारळ. आतल्या लोलकाला लोकरीची कानटोपी बांधलेली, वाजू नये म्हणून. मागे आमनादादी.

"बोला आता, कोण कोणाला चोर म्हणतंय?" गिरजाबाई म्हणाली.

"काकी, पण का?" शेठचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"का म्हणजे? तू घंटा पेणला धाडणार. रोह्यात एवढी वर्षं राहिली ती. पोरगी गाव सोडून जाताना केळवण करतात का नाय? तुला सुचलं काय? टेंपोत साबणाच्या खोक्यांत टाकून नेणार होतास. म्हणून आम्ही केलं केळवण. गोडधोड केलं, ओटी भरली."

"कुंकू मी नाय लावलं हां," आमनादादी मागून म्हणाली. "मी चिंच लावून घासली. आणि सांदणं केली."

"मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तू फोटोवाला बोलावला असतास," गिरजाबाई म्हणाली, आणि शेठने खरंच बोलावला असता. मग ती हौसाकडे वळली, आणि एवढी तोंडाळ म्हातारी, पण एकदम मऊ झाली. "हौसा, तुझ्यावर आलं होय गो. आम्हाला काय ठाऊक." तिने घंटेचा नारळ काढला आणि हौसाच्या ओटीत घातला. "जाणार तर तूपण हायस. तुझंपण राहिलंच होतं."

शेठने दोनदा घसा खाकरला. "हौसा, चपला घाल," तो म्हणाला. "इनचार्ज अनवाणी जाते काय?" त्याची माफी एवढीच. पण टेंपोची पुढची सीट त्याने स्वतः पुसली.

कान्हू म्हणाला, "म्हणजे त्या जिवंत बायका होत्या?" आणि शेठने विचारलं, "तुला काय माहीत, तू तर घरी होतास," त्यावर पुढे काय झालं ते वेगळं सांगायला नको. कान्हू आता दुपारी खरंच घरी झोपतो. रात्री बंद करायची वेळ झाली की घंटा नाही म्हणून स्वतः ओरडतो, आणि आळी म्हणते घंटा बरी होती.

पण टेंपो लगेच नाही निघाला. सखारामने चावी फिरवली, तर गिरजाबाई म्हणाली, थांब. तिने लोलकाची कानटोपी सोडली. पुढच्या सीटवर बसलेल्या हौसाने घंटा कडीला धरून मांडीवरून वर उचलली. गिरजाबाईने दोरी हातात घेतली, आणि बोळात इकडून तिकडे बघितलं. आमनादादी आली होती, मुनीरा होती, घंटा सापडल्याचा गलका ऐकून शेजारच्या चार बायका पोरं घेऊन दाराशी आलेल्या.

"सगळ्या आल्या का गो?" तिने विचारलं.

एक लांबून पळत येत होती, हातात पोर. गिरजाबाई थांबली. ती पोचली, दम घेतला, तेव्हा कुठे घंटा वाजली.

रविवारी मुनीराने लोकांना फिरवलं, पण शटरकडून नाही, लेडीजच्या दारातून आत घेतलं. बायका आधी. पुरुष बोळात उभे राहिले, आणि केरूतात्याने सगळ्यांना मान फिरवायला लावली. नकाशात लेडीज नव्याने काढलं होतं, आतली माहिती द्यायला गिरजाबाई. ती एवढं बोलली की पडदा आणि बाल्कनी दाखवायची राहूनच गेली.

आणि पेणला रामवाडीत गेलात तर रात्री त्या दुकानात थांबून बघा. बंद करायची वेळ होते, पुरुष घड्याळं बघतात, आणि हौसा दोरीला हात लावून उभी असते. आधी रॅकांच्या मधून शेवटपर्यंत बघते, फ्रीजकडे बघते, मग विचारते, "सगळ्यांचं झालं का गो?"

कुणीतरी आतून म्हणतं, "एवढा साबण घेते."

मग हौसा थांबते.